सांध्यातल्या पेशींचं मरण आणि आमवात
(लातूरला झालेल्या व्याख्यानाचा काही भाग)

म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आज बोलायचंय ते आमवाताबद्दल, डॉक्टर ज्याला आरए, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणतात. पस्तीस-चाळिशीतल्या बाया येतात, सकाळी बोटं आखडलेली, भाकरी थापता येत नाही, कापूस वेचायला गेलं तर मूठ वळत नाही, आणि घरचे म्हणतात वात हाय, तेल लावा. तेलानं बरं वाटत असेल, पण आत काय चाललंय ते समजून घ्या.

सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी माणसात त्याचा वरचा थर जेमतेम एक ते तीन पेशींचा. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि आपल्याला कळतही नाही, कारण पेशी स्वतःला नीट आवरून मरते, कॅस्पेस नावाची एन्झाइम्स तिचे तुकडे करतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, सूज नाही, काही नाही. याला अपॉप्टोसिस म्हणतात, 1972 मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं.

आरएमध्ये हेच बिघडतं. अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे अस्तर बांधणाऱ्या, पेशींना मरायचा निरोप पोचतो पण त्या ऐकत नाहीत, कारण एफएलआयपी, एमसीएल-1 असली मरण अडवणारी प्रथिनं त्यांच्यात वाढलेली असतात. मग अस्तर दहा-वीस थरांचं होतं आणि रानात हरळी पसरावी तसं कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकावरच्या गादीवर, आणि हाडात घुसतं.

दुसरीकडं काही पेशी मरतात, पण वाईट पद्धतीनं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी मरताना स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात, त्यात सिट्रुलिन झालेली, म्हणजे रासायनिक बदल झालेली, प्रथिनं असतात, आणि आपण रक्तात अँटी-सीसीपी तपासतो ना, त्या अँटीबॉडी असल्याच प्रथिनांवर उठलेल्या असतात. बिडी-सिगारेटनं आरएचा धोका वाढतो त्यामागंही हे सिट्रुलिनचं प्रकरण आहे असं मानतात, म्हणून घरातल्या पुरुषमंडळींनीही हे कान देऊन ऐका.

आणि टीएनएफ, म्हणजे सूज वाढवणारं प्रथिन. हा एकच निरोप्या, पण पेशीच्या आत आरआयपीके-1 नावाचं प्रथिन काय ठरवतं त्यावर सगळं अवलंबून, पेशी जगून सूज वाढवेल, गुपचूप मरेल, की कॅस्पेस-8 बंद असेल तर फुटून मरेल, ज्याला नेक्रॉप्टोसिस म्हणतात. फुटली की आतला सगळा माल बाहेर आणि परत सूज. ए20 हे या निरोपाला ब्रेक लावणारं प्रथिन, ते उंदरांच्या मॅक्रोफेजसारख्या, म्हणजे जंतू-कचरा गिळणाऱ्या, पेशींतून काढलं तर त्या उंदरांना आपोआप सांधेदुखी होते, मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

फेल्डमन आणि मैनी या शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये टीएनएफ अडवून दाखवला आणि आरएचा उपचारच बदलला. टीएनएफ अडवणारी ती इंजेक्शनं घ्यायच्या आधी टीबीची तपासणी पाहिजेच, कारण दबलेला टीबी उठू शकतो, आणि आपल्याकडं टीबी काय कमी आहे का? आरआयपीके-1 अडवणारी गोळीही पेशंटवर वापरून बघितली, पण म्हणावा तसा गुण आला नाही, म्हणजे नुसतं एक दार बंद करून भागत नाही असं माझं मत झालंय.

तोवर आरएवरची मेथोट्रेक्सेटची गोळी आहे, स्वस्त आहे, लवकर सुरू केलं तर हाडं वाचतात. पण आठवड्यातून एकदाच, रोज नाही! रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, जीव जाऊ शकतो, म्हणून ठरलेला वार चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि घरातल्या कुणाला तरी तो पाठ करून ठेवायला सांगा.