टीव्ही तापलो!

माळ्यावरून खाली आलेला हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत सुतळीनं बांधलेले दोन रिमोट, एक बंदूक आणि ही पिवळी कॅसेट. वर छापलंय ९९९९९९९ इन वन. खरे गेम आठ-दहाच, तेच फिरून फिरून. आम्ही मोजायला बसलो होतो. चारशेच्या पुढे जेवायला हाक आली.

यंत्र म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. मूळ निन्टेंडोचं, १९८३ चं. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. त्याच्या आदल्या मेमध्ये काकांनी हे मुंबईहून एसटीनं आणलं. रात्रभर मांडीवर, असं काकी अजून सांगते.

आता हे जवळून बघा. कॅसेटच्या तोंडाशी साठ पट्ट्या, एका बाजूला तीस. समुद्र हाकेच्या अंतरावर, वर चार महिने पाऊस. तांबं हिरवं पडणारच. गेम लागला नाही की आम्ही फुंकर मारायचो. फुंकरीतली वाफ पट्ट्यांवर बसून उलट गंज वाढायचा. कॅसेट चालायची ती काढून परत घट्ट बसवल्यामुळे, श्रेय फुंकरीला. उपाय हा: साधं खोडरबर. हलक्या हातानं, एकाच दिशेनं. मग कापसावर थोडं स्पिरिट. ही पट्टी बघा, आणि ही शेजारची, अजून न घासलेली.

(इथे निवेदन थांबेल. ट्यूनिंगची खरखर पूर्ण ऐकू द्यावी.)

टीव्ही मुद्दाम जुना घेतलाय. नव्या सपाट टीव्हीवर मारिओ पळेल, बंदुकीच्या गेममधली बदकं मात्र मरणार नाहीत. बंदुकीतून काही सुटत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो उजेड बंदुकीतल्या भिंगाला दिसला तर नेम लागला. नव्या पडद्यावर चौकोन उशिरा येतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. तेव्हा पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्याला किलोवर घालण्याआधी आम्हाला एक फोन करा. न्यायला आम्ही येऊ, टेम्पो आमचा.

कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये जीव तीन. रिमोटची बटणं वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए: झाले तीस. पाढे चुकायचे, हे कधी चुकलं नाही. व्होल्टेज पडलं की चित्र आक्रसायचं, तरी खेळ चालू. लाईट गेली की मात्र पहिल्या स्टेजपासून. आणि पडवीतून आजी: "बंद करा रे तां, टीव्ही तापलो!" गेमनं ट्यूब उडते, यावर तिचा ठाम विश्वास.

आजी गेली, वाटण्या झाल्या. घर आता गणपतीपुरतं उघडतं.

लागला. पहिली स्टेज. दुसऱ्या रिमोटचं बी बटण दादानं दाबून दाबून आत घालवलंय. ते उघडायचं काम पुढच्या गणपतीत, तो आला की.