वहीतली कमाई

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना मला ‘अपघाताच्या केसेस बघणारे वकील’ म्हटलं. कोर्टाच्या आवारात आमच्या जमातीला आणखी एक नाव आहे, ते त्यांनी सभ्यपणे गाळलं, त्याबद्दल आभार. फळा आहे हे बरं झालं. मला आज कलमं कमी आणि गणित जास्त सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. नवरा वेल्डिंगचं काम करायचा, गेट, ग्रील, पत्र्याची शेड. वय 34. रात्री घरी येताना मागून टेम्पोनं उडवलं. बाईंच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, आणि त्यात मृत्यूचा दाखला, पोस्टमार्टेमचा रिपोर्ट, एफआयआरची प्रत, रेशनकार्ड. मी विचारलं, महिन्याला किती मिळवायचे? ‘पंधरा हजार तरी.’ पुरावा? बाई गप्प. इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही, पगारपत्रक असायचा प्रश्नच नाही, बँकेच्या पासबुकात साडेचारशे रुपये. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, ‘एक वही आहे. पण ती उधारीची आहे.’

ती वही मी आजही विसरलो नाही. लांबट, पुठ्ठ्यावर ठिणग्यांनी पडलेली भोकं. आत पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘मळ्यातलं गेट, 8 फूट, ॲडव्हान्स 2000, बाकी 3500.’ अशी साठेक पानं. आता अशा मृत्यूची नुकसानभरपाई कशी काढतात, ते गणित बघा.

पंधरा हजार गुणिले बारा, म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार. माणूस चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा करणारा, तर पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के मिळवायचे. हे 2017 च्या प्रणय सेठी निकालात सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं. झाले 2 लाख 52 हजार. त्यातून तो स्वतःवर जे खर्च करायचा ते वजा. मागे बायको, दोन पोरं आणि आई, म्हणजे अवलंबून असलेले चौघे, म्हणून चौथा हिस्सा वजा. राहिले 1 लाख 89 हजार. आता गुणक, म्हणजे ही वर्षाची रक्कम कितीनं गुणायची तो आकडा. 2009 च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे तक्ता दिला आहे; 31 ते 35 वयाला 16. गुणिले सोळा: 30 लाख 24 हजार. शिवाय सहवास गमावल्याचे, अंत्यविधीचे वगैरे ठरलेले आकडे आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याज.

आता तीच वही नाही असं समजा. न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणारं कोर्ट, कमाई शून्य धरत नाही, किमान वेतन वगैरे बघून अंदाजानं काहीतरी धरतं. समजा दहा हजार धरले. बाकी सगळं तेच. उत्तर येतं 20 लाख 16 हजार. दरमहा पाच हजारांचा पुरावा नाही, म्हणून दहा लाख आठ हजार गेले. एकाही माणसानं खोटं बोललेलं नाही, तरी गेले.

वहीतल्या नावांवरून आम्ही गिऱ्हाइकं शोधली. तिघं साक्षीला आले. एकानं तर उलटतपासणीत सांगितलं, ‘माझ्याकडे अजून पैसे बाकी आहेत.’ इतका प्रामाणिक साक्षीदार मला पुन्हा मिळाला नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की कमाईचा माग ठेवा. दूध डेअरीची पावती, सोसायटीचा उतारा, लोखंडाच्या दुकानाचं बिल, फोनवर आलेले पैसे. फौजदारी खटल्यात लागतो तसला कडक पुरावा इथे लागत नाही. ‘बहुधा असंच घडलं असावं’ एवढं पटलं तरी पुरतं. म्हणूनच फौजदारी कोर्टातून ड्रायव्हर सुटला म्हणजे क्लेम संपला, असंही नसतं.

आणि घरातल्या बाईचं काय? ‘ती काही कमवत नव्हती’ असं नवराच माझ्यासमोर सांगतो. अहो, सुप्रीम कोर्टानं 2021 साली कीर्ती प्रकरणात स्पष्ट म्हटलं की गृहिणीच्या कामाला पैशातलं मोल आहे आणि त्यावर भविष्यातली वाढसुद्धा धरायची. कोर्टाला कळलं, नवऱ्याला अजून कळायचं आहे.

जखमी माणसाचं गणित वेगळं. सर्टिफिकेटवर अपंगत्व 40 टक्के लिहिलंय म्हणून कमाईचं नुकसान 40 टक्केच, असं नाही. गुडघ्याखाली पाय गेलेला कारकून उद्या टेबलावर बसू शकतो, ट्रक ड्रायव्हरचा धंदाच बसतो. हे सुप्रीम कोर्टानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सांगितलं. तेव्हा डॉक्टरांची साक्ष टाळू नका.

आता गावाकडची एक अडचण. ‘समोरचा आपल्याच भावकीतला, गरीब आहे, त्याच्यावर कशाला केस?’ म्हणतात. गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरणारा विमा, चालू असेल तर पैसे विमा कंपनी भरते. ड्रायव्हरकडे वैध लायसन्स नसलं तरी बहुतेक वेळा कंपनीनं आधी द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश होतो. तेव्हा मालक ‘पन्नास हजार घ्या आणि इथे सही करा’ म्हणत कोरा कागद पुढे करतो, तो त्याचा जीव वाचवायला, हे ध्यानात ठेवा. मात्र एक खोच आहे. तुमच्याच मोटारसायकलवर मागे बसलेली तुमची बायको नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत बसत नाही. आज घरी गेल्यावर कपाटातली पॉलिसी काढून बघा.

मुदतीचं भराभर सांगतो. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी घरी बसू नये. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो, अपघात सोलापूरला झाला म्हणून सोलापूरच्या चकरा नकोत. समोरच्याची चूक सिद्ध करणं अवघड असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 164 आहे: मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ते घेतले की मोठा दावा संपतो, म्हणून घाई नको. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार. त्याचा अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कचेरीत. वकीलसुद्धा लागत नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगतोय.

त्या बाईंचा निकाल लागला. रकमेचा बराचसा भाग पोरांच्या नावे ठेवीत गेला. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या, तीच पिशवी घेऊन. वही कोर्टात निशाणी, म्हणजे पुराव्याचा कागद, म्हणून जमा होती. म्हणाल्या, ‘साहेब, ती परत मिळेल का? त्यात अजून सात जणांकडची बाकी लिहिलेली आहे.’ मी अर्ज लिहायला घेतला.