रिबेरो साहेब: गोळ्या झेलल्या आणि मग मोहल्ल्यात गेले

१९८२ साल. संपामुळे गिरण्यांचे भोंगे जानेवारीपासूनच बंद, गिरणगावात चुली कशाबशा पेटतायत, आणि अशा वर्षी मुंबईचे पोलीस कमिशनर झाले ज्युलिओ रिबेरो. घराणं मूळ गोव्याचं पण जन्म मुंबईतलाच, १९२९ चा, आयपीएसची १९५३ ची बॅच. त्यात ऑगस्टमध्ये खुद्द कॉन्स्टेबलच बंड करून रस्त्यावर उतरले, आर्मी बोलवावी लागली. विचार करा, ज्यांच्या जोरावर शहर सांभाळायचं तीच माणसं खवळलेली.

पुढे गुजरात, आणि १९८६ मध्ये पंजाब. डीजीपी, म्हणजे राज्याच्या पोलिसांचे प्रमुख म्हणून. खलिस्तानी दहशतवाद ऐन भरात होता तेव्हा. ऑक्टोबरमध्ये जालंधरला पोलिसांच्याच कॅम्पमध्ये, पोलिसांचाच गणवेश घालून हल्लेखोर आत घुसले आणि गोळीबार केला, साहेब जखमी, बायको मेल्बासुद्धा जखमी. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं. नंतर राजदूत म्हणून रोमानियाला गेले तर १९९१ मध्ये तिथे बुखारेस्टमध्येपण गाठून गोळ्या घातल्या! त्यातूनही वाचले.

'गोळीला गोळी', म्हणजे दहशतवाद्यांच्या गोळीला गोळीनेच उत्तर, हे पंजाबातले शब्द त्यांच्या नावाला कायमचे चिकटलेत, सगळे तेच सांगतात. पण आम्हाला हा व्हिडिओ करावासा वाटला तो त्यानंतरच्या गोष्टीसाठी.

डिसेंबर ९२, जानेवारी ९३. मुंबई पेटली होती, शेजारी शेजाऱ्याला घाबरत होता, आणि पोलिसांवरचा विश्वास तर पार उडालेला, खास करून मुस्लिम वस्त्यांमध्ये. त्या दंगलींनंतर रिटायर झालेला हा माणूस, आरामात घरी बसला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं, पण सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे कमिशनर सतीश साहनी यांच्यासोबत मोहल्ला कमिटीच्या कामाला लागला. म्हणजे काय, तर एकाच वस्तीतले हिंदू, मुसलमान आणि तिथल्या ठाण्याचे पोलीस एकत्र बसणार, बोलणार, अफवा उठली की आधी एकमेकांना विचारणार, सण आले की मिरवणुकीचं आधीच ठरवून घेणार. ऐकायला साधं वाटतं, पण दंगलीत घर जळालेल्या माणसाला पोलिसासमोर खुर्चीवर बसवणं किती अवघड असेल हो.

पुढे याच कमिट्यांनी क्रिकेटचे सामने सुरू केले. वस्तीतली पोरं आणि पोलीस, एकाच मैदानात.