शेफिल्डची जगबुडी

(दृश्य : शेफिल्ड शहर, द मूर बाजारपेठ. दुपारची गर्दी.)

इंग्लंडमधलं पोलादाचं शहर, शेफिल्ड. आणि हा 'द मूर' नावाचा बाजाररस्ता. खरेदीला आलेली माणसं इथेच मान वर करून अणुबॉम्बचा ढग बघतात. अर्थात पडद्यावर. चित्रपटाचं नाव 'थ्रेड्स'. बीबीसीने तो २३ सप्टेंबर १९८४ रोजी दाखवला.

जगबुडीच्या गोष्टी आवडीने बघणाऱ्यांत दोन जाती असतात. एकीला झॉम्बी लागतात. दुसरीला, म्हणजे आम्हाला, पाव कधी मिळेनासा होतो ते बघायचं असतं. वीज गेली की पंप बंद, मग नळ कोरडे, मग दवाखाने. ही साखळी चोख जुळली की आम्ही खूश. लोक याला विकृती म्हणतात, म्हणोत.

(दृश्य : टाउन हॉल, बाहेरून. कॅमेरा हळूहळू पायऱ्यांवरून खाली.)

'थ्रेड्स'मध्ये जग वाचवणारा नायक नाही. रुथ आणि जिमी हे तरुण जोडपं आहे, ती गरोदर आहे, नव्या घराच्या भिंतींना कागद लावणं चाललंय. इराणवरून महासत्ता भिडल्याच्या बातम्या मागे चालूच असतात. युद्ध भडकल्यावर पालिकेचा मुख्य अधिकारी टाउन हॉलच्या तळघरात बसून शहराचा कारभार हाकू लागतो. बॉम्ब पडतो, वरची इमारत ढासळते, बाहेर पडायची वाट बुजते. आत मात्र अन्न कुणाला किती द्यायचं यावर वाद रंगलेला. सरकारी बैठक अगदी हुबेहूब!

(दृश्य : जुनी पुस्तिका, पानं उलटताना.)

ही पुस्तिका नीट बघा. 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह', म्हणजे अणुहल्ल्यातून जीव कसा वाचवायचा त्याच्या सूचना. ब्रिटिश सरकारने १९८० मध्ये ५० पेन्सला विकायला काढली. घरातली दारं बिजागऱ्यांतून काढा, भिंतीला तिरकी टेकवा, आत शिरा, १४ दिवसांचं अन्नपाणी जवळ ठेवा. चित्रपटात जिमीचे आईवडील हे सगळं आज्ञाधारकपणे करतात.

लेखक बॅरी हाइन्स शेजारच्या बार्न्सलीकडचे. ते आणि दिग्दर्शक मिक जॅक्सन ईझिंगवोल्डच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात जाऊन राहिले. युद्धानंतर कारभार चालवायचे धडे तिथे अधिकाऱ्यांना देत. हल्ल्याचा नकाशा घेतला तो १९८० च्या 'स्क्वेअर लेग' या अणुहल्ल्याच्या सरकारी सरावावरून. शेफिल्ड निवडण्यामागेही विचार होता. औद्योगिक शहर म्हणून शत्रू नेम धरणार हे उघड, आणि पालिकेने स्वतःला अण्वस्त्रमुक्त घोषित केलेलं, त्यामुळे चित्रीकरणाला आडकाठी नाही.

(दृश्य : सिटी हॉल, बॉलरूमचं दार.)

चित्रपटासाठी माणसं निवडायची चाचणी इथल्या बॉलरूममध्ये झाली. स्थानिक वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून १,१०० माणसं आली. गर्दीत उभं राहायला निवडलेले बहुतेक जण अण्वस्त्रविरोधी चळवळीतलेच होते. त्यांना सांगितलं होतं, फाटके कपडे घालून या आणि चेहरा दुःखी ठेवा. भाजलेल्या कातडीच्या रंगभूषेसाठी राइस क्रिस्पीज, म्हणजे नाश्त्याचे कुरकुरीत तांदळाचे दाणे, आणि टोमॅटो केचप. पडद्यावर बघताना हे आठवतही नाही.

त्यातून पॉल व्हॉन यांचं निवेदन. पैशाला किंमत उरली नाही, काम करेल त्याला अन्न, न करेल त्याचं बंद, हे ते हवामानाच्या बातमीसारखं सांगून जातात. आवाज कुठे म्हणून चढत नाही. आमच्या निवेदनाच्या धंद्यातल्या कुणालाही हेवा वाटावा.

(दृश्य : शहराबाहेरचा माळ, पीक डिस्ट्रिक्ट. वारा. इथे निवेदन नाही, दहा सेकंद.)

पुढे अणुहिवाळा, म्हणजे धुराने सूर्य झाकल्यामुळे पडलेली थंडी, उपासमार, मध्ययुगाइतकी उरलेली लोकसंख्या, आणि धड बोलताही न येणारी पिढी.

(दृश्य : रात्र. घरांच्या उजळलेल्या खिडक्या.)

कोविडच्या काळात ३१० जणांची पाहणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. असल्या जगबुडीच्या चित्रपटांचे शौकीन त्या साथीला इतरांपेक्षा जास्त तयारीचे आणि मनाने घट्ट निघाले, असं तीत आढळलं. बरं वाटलं वाचून. पण तयारी व्हावी म्हणून कोण बघतं? आम्ही बघतो ते मजा येते म्हणून, दिवे चालू ठेवून, चहा घेत. २०२४ मध्ये बीबीसीने 'थ्रेड्स' पुन्हा दाखवला, तेव्हाही असाच बघितला.