विंग चुनची गुरुपरंपरा: लाल होड्यांपासून फोशानपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. दक्षिण चीनमधल्या विंग चुन या युद्धकलेची गुरुपरंपरा सांगताना सुरुवात होते ती उंग मुई या भिक्षुणीपासून. शाओलिन मठ जळाला, ती निसटली, तिनं यिम विंग-चुन या मुलीला विद्या दिली, वगैरे. कथा रंगतदार आहे, पण त्या दोघींचा समकालीन पुरावा नाही. ती कथा म्हणूनच ऐकावी.

पुढची कडी जास्त मोलाची. दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताच्या नद्यांवरून लाल होड्यांतून फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांतले वाँग वा-बो आणि लेउंग यी-ताय. परंपरा सांगते की एकाकडे हातांची विद्या होती, दुसऱ्याकडे लांब काठीची, आणि दोघांनी अदलाबदल केली. हे निव्वळ दंतकथा म्हणून सोडवत नाही, कारण खूण आजही अंगात दिसते. हातांच्या सरावात पाय जवळ, पावलं आत वळलेली, कोपरं छातीसमोर. काठी हातात आली की बैठक एकदम रुंद आणि खोल. आठ-नऊ फुटांची काठी एका टोकाला धरायची, म्हणजे पुढचं वजन मनगटावर येतं. अरुंद बैठकीत ती पेलू गेलं की अंग पुढे ओढलं जातं, खांदे वर चढतात आणि टोक थरथरतं. दोन वेगळ्या विद्या जोडल्याचा सांधा इथे स्पष्ट दिसतो.

ठाम जमीन लागते ती १९व्या शतकातल्या फोशान शहरात. लेउंग जान हे तिथले वैद्य; परंपरेनुसार नाटक मंडळ्यांतल्या त्या दोघांचे शिष्य. त्यांचे शिष्य चान वा-शुन सराफीचा, नाणी बदलून देण्याचा धंदा करत. चान यांनी उतारवयात इप घराण्याच्या कुलमंदिरात वर्ग घेतला, आणि तिथेच इप मान (१८९३–१९७२) त्यांचे शेवटचे शिष्य झाले. चान गेल्यावर इप मान यांचं बरंचसं शिक्षण थोरले गुरुबंधू उंग चुंग-सो यांच्याकडे झालं. गुरुपरंपरेच्या तक्त्यावर उंग चुंग-सो हे नाव बहुधा गाळतात, ते बरोबर नाही.

इप मान हाँगकाँगला स्थायिक झाले आणि १९५०च्या सुमारास हॉटेल कामगारांच्या संघटनेत शिकवू लागले. फोशानमध्ये सरावाचा लाकडी पुतळा जमिनीत पुरत. हाँगकाँगच्या वरच्या मजल्यावर खड्डा कुठून खणणार? म्हणून तो आडव्या लवचिक पट्ट्यांवर टांगला गेला. तीन हात, एक पाय तेच; पण धक्का दिला की आता तो मागे जाऊन परत येतो.

फोशानमध्ये युएन के-सान यांची वेगळी शाखा होती. लेउंग जान म्हातारपणी कुलाव या आपल्या गावी परतले, तिथे त्यांनी ठरलेल्या हालचालींच्या लांब संचांऐवजी सुटे छोटे डाव शिकवले. कुलावची शाखा अपुरी म्हणणारे भेटतात. शिकवणारा गुरू मात्र तोच होता.