माझं दोन्हीकडं आहे

[दृश्य: सकाळ. शाळेचं मैदान. घमेल्यात पांढरी फक्की.]

ही चुन्याची फक्की. एरवी खेळाच्या सरांच्या ताब्यात असते, कबड्डीच्या रेषांसाठी. आज गणिताच्या मॅडमनी घमेलंच उचलून आणलंय. मैदानात खुंटी, खुंटीला सुतळी, सुतळी ताणून मॅडम गोल फिरतायत आणि मागून एक मुलगी मुठीतून फक्की सोडत चाललीय. एक वर्तुळ झालं. खुंटी उपटून थोडी पुढे ठोकली, दुसरं झालं, पहिल्यात घुसलेलं. भोवतीची चौकट मात्र आखावी लागली नाही. व्हॉलीबॉलचं कोर्ट होतंच.

नाशिकहून निफाडकडे जाताना लागणारी ही शाळा. दहावीचा वर्ग, मुली ४०. घरी द्राक्षबाग किती जणींची? हात वर झाले, २२. शेतात कांदा? २५. बेरीज ४७.

[दृश्य: ड्रोनमधून मैदान.]

ड्रोन आणला होता बागा टिपायला. त्याचा अर्धा वेळ इथेच गेला, आणि बरंच झालं. कारण वरून बघा: डावं वर्तुळ भरलं, उजवं भरायला लागलं आणि काही मुली मधल्या रेषेवर अडल्या. त्यातली एक ओरडून विचारते, "मॅडम, मी कुठं उभी राहू? माझं दोन्हीकडं आहे."

पुस्तकात याला छेदसंच म्हणतात. इथे त्या १२ मुली आहेत, मधल्या पाकळीत दाटीवाटीने उभ्या. हात वर करताना त्या दोनदा मोजल्या गेल्या होत्या. ४७ मधून १२ काढा, उरतात ३५. नुसत्या द्राक्षांच्या १०, नुसत्या कांद्याच्या १३.

[दृश्य: शिक्षकांची खोली. भिंतीवर द. रा. कापरेकरांचा फोटो.]

६१७४ या संख्येची गंमत जगाला दाखवणारे कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवायचे, म्हणून हा फोटो. वर्तुळं मात्र जॉन वेन यांची. केंब्रिजमधले तर्कशास्त्राचे अध्यापक. अशी वर्तुळं ऑयलरनेही अठराव्या शतकात काढली होती, पण वेन यांनी १८८०च्या निबंधात त्यांची नीट पद्धत बसवली. त्यांनी चेंडू टाकणारं यंत्रही बनवलं होतं, म्हणजे आमचे खेळाचे सर त्यांना फक्की नक्की देतील. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगायची: निबंधाच्या १४ वर्षं आधी, १८६६ मध्ये, याच माणसाने संभाव्यतेवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. आपल्याकडे संच नववीत, संभाव्यता दहावीत. मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्तुळं पुसली जातात.

[दृश्य: पुन्हा मैदान. नेटच्या खांबाजवळ पाच मुली.]

या पाच जणी कुठल्याच वर्तुळात नाहीत. कुणाचे वडील अंबडला कंपनीत, कुणाचे रिक्षा चालवतात. कॅमेरा त्यांच्यावर जरा जास्त रेंगाळलाय, राहू दे. त्या वर्तुळाबाहेर आहेत, कोर्टाबाहेर नाहीत. ४० चिठ्ठ्यांतून एक उचलली तर ती या पाचांतल्या कुणाची निघण्याची संभाव्यता ५/४०, म्हणजे १/८. पहिल्या फेरीत निम्म्या वर्गाने अपूर्णांकात खाली ४० ऐवजी ३५ लिहिले होते. खांबाजवळच्यांना कुणी मोजलंच नव्हतं.

मग मॅडमनी प्रश्न फिरवला. "चिठ्ठी द्राक्षवालीची निघाली, एवढं कळलंय. तिच्या घरी कांदाही असेल का?" आता उजवीकडच्या १३ जणी आणि खांबाजवळच्या पाच खाली बसल्या. उभ्या राहिल्या २२, त्यातल्या पाकळीत १२. उत्तर १२/२२, म्हणजे ६/११. छेदसंच वर गेला आणि छेदात २२ आले. मराठीत वर्तुळांच्या सामाईक भागालाही छेद आणि अपूर्णांकातल्या खालच्या आकड्यालाही छेदच म्हणतात, त्यामुळे इथे गोंधळ व्हायचाच. पण जी खाली बसली ती हिशेबातून गेली, हे गुडघ्यांना लागलेल्या फक्कीवरून कळतं.

सराव परीक्षेत असाच प्रश्न आला. बऱ्याच जणींना सुटला, काहींचे पुन्हा ४७.

[दृश्य: स्टीलचा डबा, चाळीस चिठ्ठ्या. मॅडम डबा हलवतात.]

डोळे मिटून पहिली चिठ्ठी.

"सतरा नंबर!"

[दृश्य: दोन्ही वर्तुळांतल्या माना वळतात. खांबाजवळून एक हात वर येतो.]