भिंतीआधीचे तीन दिवस

(जालन्यात एका युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

पाळकसाहेबांनी ओळख करून देताना मला ‘वेळेचं नियोजन शिकवणारे सर’ म्हटलं. घरी हे कळलं तर बायको पोट धरून हसेल. मी आयुष्यभर गणित शिकवलं हे खरं. पण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी गणितातच नापास झालो होतो, आणि त्याला कारण होतं मीच केलेलं एक वेळापत्रक.

ड्रॉइंग शीटवर तीन रंगांच्या शाईनं काढलं होतं. पहाटे चारला उठणे, प्रार्थना, साडेचार ते सात अभ्यास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा पाच तास. भिंतीला चिकटवलं आणि दोन दिवस नुसतं त्याच्याकडे बघूनच बरं वाटत होतं. दिवस डिसेंबरचे. तिसऱ्या रात्री कॅरल पार्टीबरोबर नाताळची गाणी गात घरोघर फिरून दीडला परतलो आणि सकाळी साडेआठला जागा झालो. चौथ्या दिवशी वाटलं, आता मोडलंच आहे तर नाताळ झाल्यावर बघू. नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, शीट भिंतीवर तशीच.

वडील शेतकरी, चौथी शिकलेले. त्या शीटसमोर उभे राहिले, एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, “सगळं चांगलंय. पण हिरीवरून पाणी कोण आणणार, ते कुठं लिहिलंय?” पाणी मीच आणायचो, रोज दोन वेळा. ते शीटवर नव्हतं. मग म्हणाले, “वाफसा न बघताच पेरलंस की रे.”

शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. पाऊस पडला की लगेच पेरत नाहीत. मूठभर माती घेऊन दाबायची. चिखल झाला तर थांबायचं, भुगा झाला तरी थांबायचं. गोळा झाला आणि बोटाची टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आला. सोयाबीनसाठी कृषी खातं दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका. तरी पहिल्या सरीला आपल्याकडे अर्धं गाव पेरून मोकळं होतं, पाऊस दडी मारतो आणि मग दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, कर्जही पुन्हा. विद्यार्थ्यांची वेळापत्रकं अशीच असतात. एक जोरदार संदेश ऐकला, एक व्हिडिओ बघितला, की पहिल्या सरीला पेरणी.

आता बायबलमधल्या नहेम्याकडे या. हा परक्या देशात पारसच्या राजाचा प्याला भरणारा यहुदी माणूस, त्याच्याच नावाचं पुस्तक आहे. नहेम्या म्हटलं की आपण थेट भिंतीवर जातो, बावन्न दिवसांत यरुशलेमची भिंत झाली म्हणून. त्या बावन्न दिवसांआधी काय झालं, ते कुणी फारसं सांगत नाही. यरुशलेमची भिंत पडलीय, ही वाईट बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली, राजाशी तो बोलला नीसान महिन्यात. आपल्या हिशेबानं मार्गशीर्ष ते चैत्र. चार महिने हा माणूस रडला, उपास केला, प्रार्थना केली. पण नुसतं तेवढंच नव्हे. राजानं विचारलं, किती दिवस लागतील, परत कधी येशील? नहेम्यानं मुदत सांगितली. वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागितली. राजाच्या रानाचा रखवालदार आसाफ, त्याच्या नावानं लाकडासाठी वेगळं पत्र मागितलं. म्हणजे लाकूड कुठं लागेल आणि ते कुणाच्या ताब्यात आहे, हे राजवाड्यात प्याला भरता भरता त्यानं डोक्यात मांडून ठेवलं होतं. आपल्याकडे ‘प्रभू करील’ म्हणून पुस्तक मिटणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यांनी नहेम्याचा दुसरा अध्याय एकदा शांतपणे वाचावा.

यरुशलेमला पोचल्यावर तो तीन दिवस गप्प आहे. मग रात्री मोजकी माणसं घेऊन निघतो, कुणाला न सांगता. कुठं किती पडलंय, कुठली वेस जळालीय, बघत जातो. एके ठिकाणी दगडमातीचा ढीग इतका की जनावराला पुढं जायला वाट नाही. हे सगळं बघून झाल्यावर लोकांना म्हणतो, चला, बांधू.

तुम्हालाही मी आज वेळापत्रक करू देणार नाही. तीन दिवस फक्त बघायचं. वहीत दर तासाला एक ओळ, मागचा तास कुठं गेला. सुधारायचं काही नाही, आणि खोटं तर मुळीच लिहायचं नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा आला. बारावी सायन्स, नीटची तयारी, ‘सर, रोज दहा तास अभ्यास करायचाय.’ मी म्हटलं, बस. दोघांनी लिहिलं. झोप सात तास. कॉलेज, क्लास आणि एसटी मिळून साडेआठ. अंघोळ, जेवण, कपडे दोन. घरचं काम दीड, त्यात म्हशीचं दूध डेअरीवर घालणं आलं. झाले एकोणीस, उरले पाच. दहा मुळात नव्हतेच! फोनला किती जातात विचारलं तर म्हणाला, अर्धा तास असेल. सेटिंग उघडून बघितलं, तर रोजची सरासरी तीन तास दहा मिनिटं. पोराचा चेहरा उतरला. मी म्हटलं, उतरू नकोस, ही आनंदाची गोष्ट आहे. तुला वाटत होतं तू आळशी आहेस. तू आळशी नाहीस, तू दहाचं पेरत होतास आणि ओल पाचाचीच होती. त्यातून त्यानं साडेतीन तास ठरवले. दीड तास मुद्दाम मोकळा ठेवला, कारण आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी सगळं घर टाक्या भरतं, आणि त्याला अपवाद देवाची लेकरंही नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायातला, प्रभू येशूच्या दाखल्यातला बुरूज बांधणारा माणूस आठवा. तो आधी बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो. न करणाऱ्याला बघून लोक हसतात. आपल्या गावागावांत स्लॅबवर गंजत उभ्या असलेल्या सळया तुम्ही बघता ना? वरचा मजला बांधू म्हणून ठेवलेल्या. तसं मला पुन्हा कुणी सळई होताना बघायचं नाही.

ध्येयाचंही थोडं बोलतो. लातूर आपल्याच मराठवाड्यात, कोचिंगचा पैसा आणि बोभाटा दोन्ही आपल्याला माहीत. त्यामुळे ‘ध्येय काय’ विचारलं की उत्तर येतं डॉक्टर, कलेक्टर. छान. पण ते यरुशलेम झालं, तुमचा दगड कुठला? नहेम्याचा तिसरा अध्याय वाचताना नुसती नावं येतात म्हणून आपण पानं उलटतो. त्या नावांत पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते, अमक्यानं आपल्या घरासमोरचा भाग बांधला. सोनार बांधतायत, अत्तरं बनवणारा बांधतोय, एकानं आपल्या मुलींना घेऊन बांधलंय. कुणाच्याही वाट्याला सगळी भिंत आलेली नाही. नीटला १८० प्रश्न असतात, निम्मे जीवशास्त्राचे. तेव्हा ‘डॉक्टर होणार’ हे वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहा. आणि या आठवड्याच्या पानावर लिहा, रक्ताभिसरणाचा धडा दोनदा वाचून मागच्या परीक्षांतले तीस प्रश्न सोडवणार. शनिवारी रात्री तीस झाले की नाही, हे तुमच्या आजीलाही मोजता आलं पाहिजे. वीसच झाले तर पुढच्या आठवड्यात वीसच ठरवा, पन्नास नाही. मागचं भरून काढायला आकडा वाढवणारी मुलं आठवडाभरात वही फाडतात.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणलं. केडगावला शेकडो अनाथ मुली आणि विधवांचा संसार सांभाळत, वर्षानुवर्षं हे काम रोज थोडं थोडं चाललं. ते छापून पूर्ण झालं १९२४ साली, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. हा वेग कुठल्या कोचिंगवाल्याला सांगितला तर तो प्रवेश नाकारेल.

फोनबद्दल प्रवचन देत नाही, मीही रात्री अकराला रील बघतो. फक्त नहेम्याचा सहावा अध्याय सांगतो. भिंत होत आली तेव्हा तिला विरोध करणाऱ्या सनबल्लटचा निरोप आला, ओनोच्या मैदानातल्या गावात भेटू या. नहेम्यानं कळवलं, मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येत नाही. तोच निरोप चार वेळा आला आणि चारही वेळा त्यानं तेच उत्तर दिलं. नवं कारण शोधत बसला नाही. तुमच्या ग्रुपवर ‘ये ना यार’ चार वेळा येतं. तुम्ही पहिल्यांदा नाही म्हणता आणि तिसऱ्यांदा निघता.

आता जे बोलणार आहे ते मुलांसाठी नाही, पुढच्या रांगेत बसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चार तरुण असतात आणि सगळं त्यांच्यावर. कीबोर्ड तेच, प्रोजेक्टर तेच, संडे स्कूल तेच, बुधवारची कॉटेज मीटिंग म्हणजे कुणाच्या तरी घरची प्रार्थनासभा, शनिवारी गायनाचा सराव, डिसेंबरात महिनाभर कॅरल. नाताळापासून बारावीच्या पेपरपर्यंत साधारण सात-आठ आठवडे राहतात. एका मंडळीत मी प्रमुखांना विनंती केली होती, बारावीच्या मुलांना यंदा दोनच रात्री कॅरलला न्या. उत्तर आलं, ‘सर, तुमचा विश्वास कमी पडतोय.’ असेलही. त्या वर्षी दोन मुलं नापास झाली, आणि तेव्हा मात्र सगळे म्हणाले, पोरांनी अभ्यासच केला नाही.

आणि विश्रांती. रानात देवानं इस्राएल लोकांना खायला दिलेला मान्ना रोजचा रोज वेचायचा होता. उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट, म्हणजे सातवा दिवस मोकळा. परीक्षेच्या आदल्या रात्री सबंध वर्षाचा मान्ना गोळा करणाऱ्यांना किड्यांचं सांगायला नको.

एका मुलीनं चिठ्ठी पाठवलीय. ‘सर, नीट रविवारीच असते, २०२४ ला ५ मे, २०२५ ला ४ मे, दोन्ही रविवार. उपासना चुकवली तर पाप होईल का?’ बेटा, लूकच्या त्याच चौदाव्या अध्यायाच्या सुरुवातीला प्रभू विचारतो, तुमचा मुलगा किंवा बैल शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, विहिरीत पडला तर लगेच बाहेर काढणार नाही का? वर्षातून एकदाचा पेपर आहे, जा, आणि शांत मनानं लिही. दर रविवारी सकाळी क्लासवाले टेस्ट ठेवतात, तो मात्र वेगळा प्रश्न आहे. तिथं आधी तू स्वतः जाऊन विचार, माझी टेस्ट दुपारी घेता येईल का म्हणून. बहुतेक जण विचारतच नाहीत. आणि नाहीच म्हणाले, तर शनिवारी संध्याकाळी या हॉलमध्ये चार-पाच विद्यार्थ्यांसाठी तासाभराची उपासना ठेवता येईल का, हे पाळकसाहेबांना विचारायचं. ते इथंच बसलेत, आणि मान हलवतायत. होकाराची की नकाराची, ते चहाच्या वेळी त्यांनाच विचार.